राहते घर बदलताना : आधी विक्री की आधी खरेदी?

माणूस आपल्या आयुष्यात असंख्य वस्तू घेतो आणि विकतो. परंतु राहते घर विकून दुसरे घर घेण्याचा प्रसंग सामान्य कुटुंबावर फार तर एकदा, क्वचित दोनदा येतो. त्यामुळे या बाबतीत अनुभवाने शहाणे होण्यास वाव असा नसतोच. पहिलाच व्यवहार हा बहुधा शेवटचा असतो, आणि त्यात पणाला लागलेली असते ती तीस वर्षांची मिळकत. अशा वेळी 'अगोदर जुने घर विकावे, की अगोदर नवे घर हाती घ्यावे?' हा वरकरणी साधा वाटणारा प्रश्न पतिपत्नींची झोप उडवितो. घरोघरी आशीर्वादासाठी जाणाऱ्या धर्मगुरूला ही चिंता वारंवार ऐकावयास मिळते, आणि केवळ 'सर्व ठीक होईल' असे म्हणून तिचे निवारण होत नाही. म्हणून या लेखात या प्रश्नाचा शांतपणे, आकडे आणि कायदा समोर ठेवून विचार करावयाचे योजिले आहे.

प्रश्नाचे खरे स्वरूप

बेळगावातील एखाद्या कुटुंबाचे चित्र डोळ्यांसमोर आणा. शहापुरात दोन खोल्यांचे जुने घर आहे. मुले मोठी झाली, वृद्ध आईला जिना चढवत नाही, म्हणून अनगोळकडे तळमजल्यावरचे घर पाहिले आणि ते सर्वांच्या मनात भरले. रात्री जेवणे आटोपल्यावर पत्नी म्हणते, "अहो, असे घर पुन्हा मिळायचे नाही. उद्याच इसार देऊन टाका." पती म्हणतो, "अगं, पण आपले घर विकल्यावाचून पैसे आणायचे कोठून? आणि विकून बसलो व हे हातचे गेले, तर आईला घेऊन राहायचे कोठे?"

दोघांचेही म्हणणे खोटे नाही. एकीला संधी जाण्याचे भय आहे, दुसऱ्याला कर्जाचे. आणि दोन्ही भये दोन निरनिराळ्या धोक्यांकडे बोट दाखवितात. आधी घेणाऱ्याला धोका असतो तो पैशाचा. आधी विकणाऱ्याला धोका असतो तो निवाऱ्याचा. यांपैकी कोणता धोका आपल्या कुटुंबाला झेपण्यासारखा आहे, हे ओळखणे म्हणजेच या प्रश्नाचे निम्मे उत्तर होय.

आकडे काय सांगतात

भावना थोडा वेळ बाजूस ठेवून हिशेब मांडू. समजा, जुन्या घराचे ५० लाख रुपये येतील असा अंदाज आहे आणि त्यावर बँकेचे ८ लाख कर्ज शिल्लक आहे. नव्या घराची किंमत ७० लाख आहे. घरात साठविलेले १० लाख आहेत.

कर्नाटकात ४५ लाखांवरील घराच्या खरेदीखतास ५ टक्के मुद्रांक शुल्क लागते, त्यावर उपकर आणि अधिभार असतो. शिवाय नोंदणी शुल्क ३१ ऑगस्ट २०२५ पासून १ टक्क्यावरून २ टक्के झाले आहे. शहरी भागात हे सारे मिळून सुमारे ७.६ टक्के होते. म्हणजे ७० लाखांच्या घराला ५ लाख ३२ हजार रुपये वरखर्च. एकूण गरज झाली ७५ लाख ३२ हजारांची.

आता आधी खरेदी करावयाची म्हटली, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांहून अधिक आणि ७५ लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांहून जास्त रक्कम देऊ शकत नाही. आणि १० लाखांच्या वरच्या घराच्या बाबतीत मुद्रांक व नोंदणीचा खर्च या किमतीत धरला जात नाही. म्हणजे कर्ज मिळेल फार तर ५६ लाख. उरलेले १९ लाख ३२ हजार स्वतः उभे करावे लागतील. घरात आहेत १० लाख. बाकीचे ९ लाख ३२ हजार मेहुण्याकडून उसने घ्यावे, की पत्नीचे दागिने गहाण ठेवावे, हा प्रश्न पहिल्याच दिवशी दारात उभा राहतो. शिवाय साडेआठ टक्के व्याज आणि वीस वर्षांची मुदत धरली, तर ५६ लाखांचा मासिक हप्ता सुमारे ४८,६०० रुपये होतो; जुन्या घराचा हप्ता निराळाच. इतके कर्ज देण्यापूर्वी बँक पगार पाहते, आणि पुष्कळांची गाडी येथेच अडते.

याउलट आधी विक्री केली, तर ५० लाखांतून ८ लाखांचे कर्ज फिटते, दलाली व किरकोळ खर्चाचा एक लाख जातो, आणि ४१ लाख हाती राहतात. त्यांत शिलकीचे १० लाख मिळविले की ५१ लाख होतात. नवे कर्ज लागते केवळ २४ लाख ३२ हजारांचे; त्याचा हप्ता सुमारे २१ हजार रुपये. घर तेच, कुटुंब तेच. परंतु व्यवहाराचा क्रम बदलताच अंगावरचे ओझे निम्म्याहून कमी झाले.

कोणी म्हणेल, आधी घेतले तरी जुने घर विकल्यावर हेच होणार की! होणार खरे, परंतु केव्हा? जुन्या घरात अडकलेल्या ४१ लाखांवर साडेआठ टक्क्यांनी दरमहा सुमारे २९ हजार रुपये व्याज चढत असते. गिऱ्हाईक मिळण्यास आठ महिने लागले, तर २ लाख ३२ हजार रुपये व्याजातच गेले. त्याहून वाईट गोष्ट अशी की, विकणारा घाईत आहे हे दलालाला कळते, दलालाकडून गिऱ्हाइकाला कळते, आणि ५० लाखांचे घर ४५ लाखांना मागितले जाते. हप्त्याच्या ओझ्याखाली वाकलेला माणूस तेही मान्य करतो. म्हणजे व्याज आणि तोटा मिळून ७ लाखांहून अधिक रक्कम 'संधी'ची किंमत म्हणून मोजावी लागली.

आधी विकून सहा महिने भाड्याने राहिलात, तर काय जाईल? दरमहा १५ हजार भाडे धरून ९० हजार. दोनदा सामान हलविण्याचा जादा खर्च ४० हजार धरू. एकूण १ लाख ३० हजार. तेवढ्या अवधीत ४१ लाखांच्या बँकठेवीवर ६ टक्क्यांनी सुमारे १ लाख २३ हजार व्याज मिळते. म्हणजे भाडे जवळजवळ भरून निघाले. मधल्या काळात नव्या घराचे भाव ३ टक्क्यांनी चढले, तरी २ लाख १० हजारांचाच फरक पडतो. हे आकडे उदाहरणादाखल आहेत; प्रत्येकाने आपले आकडे त्यांच्या जागी घालून पाहावेत. परंतु बहुतेक मध्यमवर्गीय कुटुंबांच्या बाबतीत तराजू याच बाजूस झुकेल, असे आम्हांस वाटते.

इसाराची रक्कम आणि शब्दाची किंमत

'आधी इसार देऊन ठेवू, मग पाहू' असे म्हणणाऱ्यांनी इसार म्हणजे काय, हे नीट समजून घ्यावे. जुनी माणसे ज्याला संचकार म्हणत, तोच हा इसार किंवा विसार. तो खरेदीच्या किमतीचा केवळ पहिला हप्ता नसतो. तो दिलेल्या शब्दाचा जामीन असतो. घेणाऱ्याने शब्द मोडला, तर इसार बुडतो. मात्र इसाराच्या नावाखाली दिलेली प्रत्येक रक्कम बुडते असे नाही. १९६३ साली फतेहचंद विरुद्ध बालकिशनदास या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे नेमका हाच मुद्दा आला होता. घेणाऱ्याने १ हजार रुपये इसार म्हणून आणि पुढे २४ हजार किमतीपोटी दिले होते. न्यायालयाने विकणाऱ्यास १ हजार ठेवून घेण्याची मुभा दिली. बाकीचे २४ हजार दंड म्हणून गिळंकृत करण्याचा हक्क मान्य केला नाही. बोध असा की, इसार किती आणि किमतीपोटी दिलेली उचल किती, हे कागदावर स्वतंत्र लिहिलेले असावे. आणि घेणाऱ्याने इसाराची रक्कम आपल्याला सोसवेल एवढीच ठेवावी.

विकणाऱ्यासही शब्द फिरविणे आता सोपे राहिलेले नाही. १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्यात २०१८ साली दुरुस्ती झाली आणि ती १ ऑक्टोबर २०१८ पासून लागू झाली. तत्पूर्वी करार पुरा करावयास लावणे न लावणे हे पुष्कळसे न्यायाधीशाच्या विवेकावर असे. या दुरुस्तीने तो विवेक फार मर्यादित केला. म्हणजे आपण साठेखत करून दिले आणि पुढे 'आम्हांस नवे घर मिळाले नाही, म्हणून विकत नाही' असे म्हटले, तर घेणारा तीन वर्षांच्या आत न्यायालयात जाऊन आपल्याकडून खरेदीखत करून मागू शकतो. म्हणून विक्रीचा करार हा नुसता भाव पाहण्याचा खेळ समजू नये.

तसेच हेही ध्यानात असावे की, १८८२ च्या मालमत्ता हस्तांतर कायद्याच्या ५४ व्या कलमानुसार साठेखताने घराची मालकी मिळत नाही. ती मिळते नोंदलेल्या खरेदीखताने. कुलमुखत्यारपत्रावर घर 'घेतले' असे मानणाऱ्यांचा भ्रम सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट शब्दांत दूर केला आहे. नव्या घराचा नुसता करार हाती आहे, एवढ्यावर विसंबून जुन्या घराची किल्ली परक्याच्या हाती देणे हे धाडस होय. उलट, पुरी किंमत हाती येईपर्यंत जुन्या घराचा ताबा देऊ नये, हाही नियम तितकाच महत्त्वाचा.

नवे घर बिल्डरकडून घ्यावयाचे असेल, तर २०१६ च्या रेरा कायद्याचे संरक्षण आहे. करार नोंदविल्यावाचून बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक उचल घेता येत नाही, आणि ठरल्या वेळी ताबा न दिल्यास घेणारा व्याजासह पैसे परत मागू शकतो. परंतु कायदा पैसे परत मिळवून देईल. ताबा लांबला तर मधल्या काळात डोक्यावर छप्पर देणार नाही. बांधकाम चालू असलेल्या घराच्या भरवशावर जुने घर रिकामे करणाऱ्यांनी एका वर्षाच्या भाड्याची तरतूद वेगळी ठेवावी.

कराचे घड्याळ

क्रमाचा विचार करताना आयकराचा नियम बहुतेकजण विसरतात, आणि वर्षअखेरीस सल्लागारापुढे बसल्यावर चकित होतात. दोन वर्षांहून अधिक काळ मालकीचे असलेले घर विकून झालेला नफा हा दीर्घकालीन भांडवली नफा होय. २३ जुलै २०२४ पासून त्यावर १२.५ टक्के कर आहे. त्या तारखेपूर्वी घेतलेल्या घराच्या बाबतीत भारतात राहणाऱ्या व्यक्तीस महागाईचा निर्देशांक लावून २० टक्क्यांचा जुना हिशेब कमी पडत असल्यास तो पत्करता येतो. मात्र नफ्याची रक्कम दुसऱ्या राहत्या घरात गुंतविली, तर ती करातून सुटते. १९६१ च्या कायद्यातील ५४ वे कलम या नावाने ही सवलत सर्वपरिचित आहे. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले, तरी सवलत कायम ठेवलेली आहे.

या सवलतीला मुदत आहे, आणि मुदतीतच आपल्या प्रश्नाचे एक उत्तर दडलेले आहे. जुने घर विकल्यापासून दोन वर्षांच्या आत नवे घर घेता येते, किंवा तीन वर्षांच्या आत बांधता येते. परंतु नवे घर आधी घेतले असेल, तर ते जुने विकण्यापूर्वी एक वर्षाच्या आत घेतलेले असले पाहिजे. म्हणजे आधी विकणाऱ्याला कायदा दोन वर्षे देतो; आधी घेणाऱ्याला एकच वर्ष. जुने घर तेराव्या महिन्यात विकले गेले, तर त्या खरेदीवर सवलत मिळत नाही. आधी विकणाऱ्याने एवढेच पाहावे की, विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत न गुंतविलेली नफ्याची रक्कम बँकेत भांडवली नफा खाते योजनेत भरावी. ती साध्या बचत खात्यात पडून राहिली तर उपयोग नाही. आणि सवलतीतून घेतलेले नवे घर तीन वर्षांच्या आत विकू नये.

घाईच्या विक्रीत आणखी एक खड्डा असतो. सरकारी दराहून, म्हणजे इंदूर-ग्वाल्हेरकडे ज्याला कलेक्टर गाइडलाइन म्हणतात त्याहून, १० टक्क्यांपेक्षा अधिक कमी किमतीस घर विकले, तर आयकर खाते सरकारी दर हीच विक्रीची किंमत धरते. हाती आले नाहीत त्या पैशांवर कर, असा हा प्रकार.

आणि 'थोडे कागदावर, थोडे हातावर' या प्रथेविषयीही स्पष्ट बोललेच पाहिजे. स्थावराच्या व्यवहारात २० हजार रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोख उचल म्हणून घेतली, तर तेवढाच दंड होऊ शकतो. त्यापलीकडे, असत्य किमतीचा कागद करणारा माणूस स्वतःच पेचात सापडतो. जुन्या घराचे पैसे रोखीत आले, तर नव्या घरासाठी बँकेला दाखवावयाचे काय? व्यवहार मोडला, तर न्यायालयात मागावयाचे काय? प्रामाणिक कागद हा केवळ सदाचार नव्हे. तो स्वतःच्या मुलाबाळांचे संरक्षण आहे.

सही कोणाकोणाची?

विक्री लांबण्याचे कारण पुष्कळदा गिऱ्हाईक नसून घरातलेच असते. वडील मृत्युपत्र न करता वारले आणि घर थोरल्या मुलाच्या नावावर 'चालत आले', एवढ्याने तो एकटा मालक होत नाही. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यानुसार मृत्युपत्र नसलेल्या ख्रिस्ती पित्याच्या मालमत्तेचा एक तृतीयांश विधवेला आणि दोन तृतीयांश मुलांना समान मिळतो; मुलगा आणि मुलगी असा भेद त्यात नाही. लग्न होऊन हैदराबादला गेलेल्या बहिणीची सहीही म्हणून तितकीच आवश्यक असते. बहीण परदेशी असेल, तर तिने भारतीय वकिलातीत साक्षांकित केलेले कुलमुखत्यारपत्र पाठवावे, आणि ते भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावा.

गोव्याचा कायदा निराळा आहे. तेथे पोर्तुगीज नागरी कायद्याच्या परंपरेने विवाहानंतर पतिपत्नींची मालमत्ता सामान्यतः सामाईक असते आणि दोघांच्या संमतीवाचून घर विकता येत नाही. कोणी एक मरण पावल्यास अर्धा हिस्सा हयात जोडीदाराचा असतो. उरलेल्या अर्ध्याची वाटणी वारसांत व्हावी लागते, आणि त्यासाठी बहुधा इन्व्हेंटरीची कार्यवाही करावी लागते. तिला महिने लागतात, कधी वर्षे. वडोदऱ्यात काही भाग १९९१ च्या अशांत क्षेत्र कायद्याखाली घोषित आहेत. तेथे विक्रीपूर्वी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. बेळगावात नोंदणीसाठी ई-खाता लागतो, आणि बोजा नसल्याचा दाखला घेणाऱ्याची बँक मागतेच.

या गोष्टींचा आपल्या प्रश्नाशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध असा की, ज्याचे कागद अपुरे आहेत, त्याच्या जुन्या घराची विक्री केव्हा होईल हे त्याला स्वतःलाच ठाऊक नसते. अशा माणसाने नव्या घराला इसार देणे म्हणजे अनिश्चित तारखेच्या भरवशावर निश्चित तारखेचे वचन देणे होय.

मधला मार्ग

इंग्लंडमध्ये हाच प्रश्न साखळीच्या रूपाने उभा राहतो. तेथे घराचा भाव मान्य झाला, तरी कराराच्या प्रतींची अदलाबदल होईपर्यंत कोणीही बांधला जात नाही. म्हणून एकमेकांवर अवलंबून असलेले अनेक विक्रेते आणि खरेदीदार आपापले करार एकाच वेळी पक्के करतात आणि बहुधा एकाच दिवशी सगळे घरे बदलतात. साखळीतील एक कडी तुटली की सर्वांचे सामान जागच्या जागी राहते. त्या पद्धतीतही दोष आहेत. परंतु तिच्यातील एक तत्त्व घेण्यासारखे आहे. दोन्ही व्यवहारांची बंधने एकाच वेळी पडावीत आणि एकाच वेळी सुटावीत. आपल्याकडे हे पुढील क्रमाने साधता येते.

पहिली पायरी कागदांची. घर विकावयाचे मनात येताच खाता, कर भरल्याच्या पावत्या, मूळ खरेदीखत, वारसांची संमती आणि बोज्याचा दाखला गोळा करावा. घर बँकेकडे गहाण असेल, तर शिल्लक रकमेचे पत्र घ्यावे. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांच्या आत मूळ कागद परत देण्याचे बंधन रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२३ पासून बँकांवर घातले आहे, आणि बँकेच्या चुकीने उशीर झाल्यास दिवसाला ५ हजार रुपये भरपाई ठरविली आहे. तथापि हे ३० दिवसही आपल्या वेळापत्रकात धरावेत.

दुसरी पायरी पाहणीची. नवी घरे पाहावीत, भाव विचारावेत, बँकेकडून किती कर्ज मिळेल याचे पत्र घ्यावे. मात्र पैसा द्यावयाचा नाही. या पायरीवर पत्नीचे मन आणि पतीचा हिशेब दोहोंनाही पुरता अवसर मिळतो. आपल्या ऐपतीत बसणारी तीन-चार घरे त्या भागात दिसली, म्हणजे 'हेच एक घर, नाहीतर काही नाही' हे भय आपोआप ओसरते.

तिसरी पायरी विक्रीच्या कराराची. जुन्या घराचे साठेखत करावे, परंतु खरेदीखताची मुदत चार ते सहा महिन्यांची मागावी. घेणारा कर्ज काढणार असेल, तर त्याच्या बँकेचे मंजुरीपत्र पाहिल्यावाचून त्याच्यावर विसंबू नये. मुदत मिळावी म्हणून किमतीत थोडी सूट द्यावी लागली, तरी ती भाड्याहून आणि व्याजाहून स्वस्तच पडते.

चौथी पायरी खरेदीच्या कराराची. विक्रीचा करार पक्का झाला, इसार खात्यावर जमा झाला, की मगच नव्या घराला शब्द द्यावा. त्या कराराची मुदत आपल्या विक्रीच्या मुदतीनंतर महिनाभराने संपेल अशी ठेवावी. आणि शक्य असल्यास, आपली विक्री आपल्या दोषावाचून मोडली तर इसार परत मिळेल, असे कलम घालून घ्यावे. विकणारा ते मान्य करीलच असे नाही. न केल्यास इसार लहान ठेवावा.

पाचवी पायरी दोन्ही नोंदणींची. त्या एकाच आठवड्यात, विक्री अगोदर आणि खरेदी नंतर, अशा याव्यात. थोडे अंतर पडणारच असेल, तर जुने घर विकल्यावरही महिना-दोन महिने तेथेच ठराविक मोबदला देऊन राहण्याची परवानगी घेणाऱ्याकडून लेखी घ्यावी. त्याला विश्वास वाटावा म्हणून काही रक्कम त्याच्याकडे ठेवून द्यावी. दोन्ही बाजूंच्या वकिलांनी मसुदा पाहिलेला असावा. तोंडी 'राहा हो, काय घाई आहे' या सौजन्यावर म्हाताऱ्या आईचे अंथरूण टाकू नये.

आधी खरेदी केव्हा योग्य?

प्रत्येक नियमाला अपवाद असतो, आणि तो मान्य करणे हा शहाणपणाचाच भाग होय. ज्यांच्या डोक्यावर कर्ज नाही आणि जुने घर वर्षभर न विकताही ज्यांना नव्या घराचा भार सहज झेपतो, त्यांनी आधी खरेदी करण्यास हरकत नाही. ते निवांतपणे चांगला भाव येईपर्यंत थांबू शकतात. मात्र त्यांनीही कराच्या एका वर्षाचे भान ठेवावे. घरात पक्षाघाताने अंथरुणास खिळलेला रुग्ण असेल, किंवा ज्याला दोनदा हलविणे धोक्याचे आहे असा वृद्ध असेल, तर थोडा आर्थिक तोटा सोसूनही आधी नवे घर तयार ठेवणे योग्य. शेजारचीच खोली विकावयास निघाली आणि भिंत पाडून घर मोठे होणार असेल, तर अशी संधी खरोखरच पुन्हा येत नाही. काही बँका अशा वेळी ब्रिज लोन नावाचे अल्पमुदतीचे कर्ज देतात. त्याचा व्याजदर नेहमीच्या गृहकर्जाहून बहुधा अधिक असतो, आणि मुदत संपली की घर विकले गेले असो वा नसो, रक्कम परत करावीच लागते. ज्याचे कागद पूर्ण आहेत आणि ज्याच्या घराला मागणी आहे, त्यानेच या पुलावर पाय ठेवावा.

मात्र 'भाव चढत आहेत, आता नाही तर कधीच नाही' एवढ्याच कारणाने आधी खरेदी करणाऱ्यांस आमचे सांगणे असे की, भाव चढत असतील तर आपल्या जुन्या घराचेही चढत आहेत. एकाच गावात विकणारा आणि घेणारा माणूस चढत्या भावाने जितका गमावतो, त्यातील बराचसा भाग दुसऱ्या हाताने परत मिळवितो. खरा फरक पडतो तो दोन घरांच्या किमतींतील अंतराचा. ते अंतर जितके मोठे, तितकी घाईची भीती खरी; ते लहान असेल, तर भीती बहुतांशी दलालाच्या बोलण्यातून आलेली असते.

शेवटी कुटुंबाचा विचार

आकडे आणि कायदे यांच्या पलीकडे आणखी एक गोष्ट आहे. घर बदलताना सर्वांत जास्त सोसावे लागते ते मुलांना आणि वृद्धांना, आणि नेमका त्यांचाच विचार कोणी घेत नाही. शाळा जूनच्या सुमारास सुरू होते. तेव्हा विक्रीची मुदत एप्रिल-मेमध्ये संपेल असे पाहिले, तर मुलांचे वर्ष मोडत नाही. आजीला तिची जुनी शेजारीण सोडावी लागणार, हे तिला शेवटच्या दिवशी न सांगता पहिल्या दिवशी सांगावे, आणि नवे घर इसार देण्यापूर्वी तिला दाखवून आणावे. तिला भाड्याच्या घरात सहा महिने काढावे लागतील का, याचे उत्तर तिच्याकडूनच घ्यावे. पुष्कळदा असे दिसून येते की, मुलगा ज्या गोष्टीला भितो, तिला आई भीत नाही. तिने आयुष्यात याहून कठीण दिवस पाहिलेले असतात. तिला भय असते ते मुलाच्या कर्जाचे.

तेव्हा वाचकहो, ज्यांना नवे घर जुन्या घराच्या पैशांतूनच घ्यावयाचे आहे, त्यांनी आधी विक्रीचा करार करावा, मग खरेदीचा. आणि दोन्हींची पूर्तता शक्य तितकी जवळ आणावी. मधले काही महिने भाड्याच्या दोन खोल्यांत काढावे लागले, तर त्यात कमीपणा कसला? ते दिवस मोजके असतात आणि संपतात. घाईत घेतलेल्या कर्जाचे दिवस मात्र वीस वर्षे मोजावे लागतात. इसाराची रक्कम देण्यापूर्वी एका संध्याकाळी सर्व कुटुंबाने एकत्र बसावे, वही उघडावी, एका बाजूस जुन्या घरातून प्रत्यक्ष हाती येणारी रक्कम आणि दुसऱ्या बाजूस नव्या घराचा सर्व खर्च लिहावा, आणि जुने घर वर्षभर विकले गेले नाही तर आपले कसे चालेल, या प्रश्नाचे उत्तर त्याखाली लिहून काढावे. ते उत्तर लिहिताना हात अडखळला नाही, तर खुशाल पुढे पाऊल टाकावे. अडखळला, तर आधी विक्री करावी.